साडेसातला बोलू

नृसिंहने त्या माणसाच्या तोंडावर बाटली हाणली तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते, आणि त्या माणसाने त्याआधीच माफी मागितलेली होती. हे दुसरं जास्त वाईट होतं. सावेडीतल्या चौकात कोबीच्या गोण्या भरलेला टेम्पो मागे घेताना त्याच्या गाडीच्या दाराला घासला. वीतभर चरा पडला, बस, एवढंच. टेम्पोवाला खाली उतरला, चरा बघितला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "चुकलं साहेब. मागचं दिसलंच न्हाई." इथे गोष्ट संपायला हवी होती. दुसरा कुणी असता तर दोन शिव्या देऊन निघून गेला असता. पण नृसिंह मुळे कुणाला शिव्या देत नसे. तो नगरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा, आणि सवड मिळेल तेव्हा कारखान्यांत, बँकांत, पोलिसांच्या हॉलमध्ये 'रागाचं काय करायचं' यावर व्याख्यानं द्यायचा. त्या दिवशीसुद्धा सकाळी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यावर ऐंशी ट्रॅक्टर ड्रायव्हरांना तीन तास शांतता शिकवून तो परत येत होता. तेव्हा तो खाली उतरला, दार हळू लावलं, आणि व्याख्यानातल्या त्या मऊ, संथ आवाजात म्हणाला, "आधी आपण दोघं शांत होऊ. मग बाजूला उभं राहून बोलू. मी रागावलेलो नाही." टेम्पोवाल्याने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. काय दिसलं त्याला कोण जाणे. तो एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "साहेब, मारायचं तर मारा आन् मोकळं करा. पर असं टांगून नका ठिवू."

बाटली हातात कशी आली ते त्याला आठवत नव्हतं. पाण्याची स्टीलची बाटली, भरलेली, तिच्यावर निळा स्टिकर: 'थांबा. श्वास घ्या.' असले पाचशे स्टिकर त्याने वाटायला छापून घेतले होते. पहिला फटका ओठावर बसला आणि अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला. दुसरा नाकावर बसला. तिसरा डोक्यावर, कारण तोवर त्या माणसाने मान खाली घातली होती. चौथ्यासाठी हात वर गेला तेव्हा कुणीतरी मागून धरला. टेम्पोवाल्याने उलटा हात उचलला नव्हता. तो वाकून उभा होता, नाकातून रक्त धारेनं डांबरावर पडत होतं, आणि ओंजळीत थुंकून त्यात आलेला अर्धा दात तो नीट निरखून बघत होता. मग त्याने वर पाहिलं आणि खरोखरच विचारलं, "झालं का साहेब? जाऊ मी?"

गर्दीने कुणाची बाजू घेतली असेल? अर्थात सरांची. एकाने ओळखलं. "आरं, हे मुळे सर हायेत. आमच्या पोरीला शिकवत्यात." दुसरा टेम्पोवाल्यावरच खेकसला, "भिमाजी, गाडी बघून चालवाया काय हुतं रं तुला? चल, दवाखान्यात चल." कुणीतरी नृसिंहची बाटली रुमालाने पुसून त्याच्या हातात परत दिली. 'सर, बीपी वाढलं असेल, जा घरी,' असं म्हणून गाडीचं दारही उघडून दिलं. फक्त फुटपाथवर पेरूंची पाटी घेऊन बसलेली रतनबाई, जिच्याकडून तो नेहमी पेरू घ्यायचा, ती जागची हलली नाही. गाडी तिच्यासमोरून जाताना काच खाली होती. ती म्हणाली, "मास्तर, मारताना तुमी हसत हुता. म्या बघितलं."

खोटं नव्हतं ते. गाडी चालवताना त्याने आरसा वळवून स्वतःचं तोंड पाहिलं. हसू आता नव्हतं, पण गाल दुखत होते, लग्नात फोटो काढून काढून दुखतात तसे. बरं वाटलं होतं. लाज, भीती, पोलीस, कॉलेज, हे सगळं नंतर येणार होतं आणि येतही होतं, पण त्या सगळ्याच्या आधी, पहिल्या फटक्याला, खांद्यापासून मनगटापर्यंत काहीतरी सैल झालं होतं, आणि तसं सैल त्याला गेल्या चाळीस वर्षांत वाटलं नव्हतं. मेंदूत एक बदामाएवढा भाग असतो, तो धोका दिसला की विचाराच्या आधी हात उचलतो, हे त्यानेच सकाळी फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. घटना आणि कृती यांच्या मध्ये एक फट असते. त्या फटीत थांबायला शिका. दहा सेकंद, दहा मिनिटं, जमलं तर दहा तास. जो थांबला तो माणूस, जो थांबला नाही तो जनावर. टाळ्या पडल्या होत्या. फक्त मागच्या रांगेतला गोरक्षनाथ नावाचा एक काळा, रुंद ड्रायव्हर हात वर करून उभा राहिला होता. "सर, एक इच्यारू का? थांबल्यावर राग जातो, का मुरतो?" सगळे हसले होते. नृसिंहही हसला होता, आणि 'छान प्रश्न आहे' असं म्हणून त्याने पुढची स्लाइड लावली होती.

आणि आज गुरुवार होता. हे पुढच्या चौकातून वळताना त्याला आठवलं. आज साडेसातला त्याच्या मुलीला, इराला, बसायचं होतं.

मुळ्यांच्या घरात 'बसणं' म्हणजे काय हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं असतं तर लोकांनी कौतुकच केलं असतं. त्या घरात कुणी कुणावर ओरडत नसे. काही चुकलं की नृसिंह शांतपणे दिवस आणि वेळ सांगायचा: "आत्ता नको. मन गढूळ आहे. परवा साडेसातला बोलू." मग ठरल्या वेळी चुकणाऱ्याने आपली वही घेऊन हॉलमधल्या गोल टेबलाशी बसायचं. वहीत तीन रकाने: घटना, विचार, कृती. आपली चूक आपणच शोधायची, आपणच लिहायची, आपणच वाचून दाखवायची. नृसिंह फक्त ऐकायचा. लिहिलेलं वरवरचं वाटलं तर म्हणायचा, "ही बारीक आहे. आणखी खोल जा." मग इरा पान उलटून पुन्हा लिहायची. शेवटी तो खाली सही करायचा, आणि म्हणायचा, मी रागावलेलो नाही. फ्रिजशेजारी एक पांढरा फळा होता, त्यावर रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या रागाचा आकडा लिहायचा, दहापैकी. ही पद्धत त्याने इरा सात वर्षांची असताना सुरू केली. आता ती सतरा वर्षांची होती. तिने एकदाही दोनच्या वर आकडा लिहिला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता.

या वेळची चूक अशी: रविवारी फिजिक्सचा क्लास बुडवून ती दोन मैत्रिणींबरोबर स्कूटीवर चांदबीबी महालाच्या डोंगरावर गेली होती. वर जाऊन त्यांनी भेळ खाल्ली, फोटो काढले, खाली आल्या. सोमवारी क्लासवाल्यांचा मेसेज आला. नृसिंहने तो तिला दाखवला, तिचा चेहरा पांढरा पडताना बघितला, आणि म्हणाला, "गुरुवारी साडेसातला बोलू." सोमवार ते गुरुवार. आज सकाळी तो श्रीगोंद्याला निघताना त्याची बायको विजया दारात आडवी उभी राहिली. वीस वर्षांत विजया अशी आडवी उभी राहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिने बँकेत रजा टाकली होती. "तीन दिवस झाले, त्या पोरीच्या पोटात अन्न ठरत नाहीये. काल रात्री दोनदा उलटी झाली. रागवा तिला. ओरडा. हवं तर एक थोबाडीत द्या. पण आज तिला बसवू नका. बसवलंत, तर मी तिला घेऊन संगमनेरला दादाकडे जाईन, आणि परत येणार नाही. मी चिडून बोलत नाहीये." खरंच ती चिडून बोलत नव्हती. तिनेही इतक्या वर्षांत शिकून घेतलं होतं.

तेव्हा आता एवढंच करायचं होतं. घरी जायचं आणि म्हणायचं, इरा, जाऊ दे. तीन शब्द. तेवढ्यावर बायको आणि मुलगी घरात राहणार होत्या. तो घरी पोचला तेव्हा हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला निळी बॅग भरून ठेवलेली होती, चेन लावलेली. विजया स्वयंपाकघरात होती. तिने त्याच्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "घोळणा फुटला." ती पुन्हा ओट्याकडे वळली. त्याने बाथरूममध्ये जाऊन बाही बेसिनखाली धरली. रक्त थंड पाण्याने जातं, गरम पाण्याने बसतं, हे त्याला माहीत होतं. कुठून माहीत होतं? आई अशीच धुवायची. त्याची चड्डी, त्याचा सदरा, मोरीच्या दगडावर, थंड पाण्याने, काही न बोलता.

सोनईला त्याचे वडील, अण्णा, शाळेत मास्तर होते. मुळे मास्तर. देवपूजा, दोन वेळा संध्या, कडक इस्त्रीचं धोतर, आणि संताप म्हणून कधी कुणी पाहिला नाही. शाळेतले बाकीचे मास्तर पोरांना जागच्या जागी झोडपायचे, डस्टर फेकून मारायचे, कान उपटायचे, आणि पाच मिनिटांनी त्याच पोराला तंबाखूची पुडी आणायला पाठवायचे. अण्णांना ते रानटी वाटायचं. रागात मारायचं नसतं, असं ते म्हणत. काही चुकलं की ते नृसिंहला जवळ बोलावून हळू आवाजात सांगत, "संध्याकाळी दिवेलागणीनंतर." बस, एवढंच. मग तो दिवस. मग दुपारची ती शाळा, ज्यात अक्षरं दिसायची नाहीत. घरी यायचं, हातपाय धुवायचे, परवचा म्हणायचा, आणि मग अण्णा म्हणायचे, "जा, घेऊन ये." परसात कुंपणाला निर्गुडी होती. तिची फोक आपणच तोडून आणायची, पाला आपणच ओरपायचा. पहिल्यांदा त्याने अक्कल लढवून काडीसारखी बारीक आणली. अण्णांनी ती बोटांत फिरवली आणि मायेने म्हणाले, "ही बारीक आहे. दुसरी आण." दुसरी आणली. तिचे दुप्पट बसले. पोटऱ्यांवर, मांड्यांवर, हात पुढे केला तर तळव्यावर. अण्णा मोजत मारायचे, धाप लागू द्यायचे नाहीत. कातडी फुटून ओली रेघ यायची, आणि फोकेला लागलेला निर्गुडीचा तो कडवट वास त्या रेघेत शिरायचा. मग ते थांबत, फोक कोपऱ्यात ठेवत आणि म्हणत, "झालं. जा, हात धू." त्या क्षणी, अगदी त्या क्षणी, अंगाची लाही होत असताना, नृसिंहला स्वर्ग दिसायचा. संपलं. आता काही नाही. आई दुधात साखर घालून द्यायची आणि तो अण्णांच्याच मांडीला टेकून ते प्यायचा. लोक म्हणतात मार वाईट. छे. माराचं काही नाही. तो पाच मिनिटांचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा जो दिवस असायचा, तो दिवस माणसाच्या आत कुणी आणि कसा भरून ठेवला ते कुठल्या पुस्तकात नाही. दहा वर्षांचा असताना एकदा तो अण्णांच्या पायांना मिठी मारून रडला होता, "अण्णा, आत्ताच मारा ना. संध्याकाळी नको. आत्ता मारा." अण्णांनी त्याला हळूच सोडवलं होतं. रागात मारायचं नसतं, बाळ. आणि त्या दुपारी नृसिंह कुंपणाकडे गेला होता, तिथे एक सरडा होता, शेपटीला दोरी बांधून त्याने तो निर्गुडीला टांगला आणि खडे मारत बसला. भराभर नाही मारले. एक मारायचा, थांबायचा, दहा मोजायचा, सरडा पुन्हा डोळे फिरवायला लागला की दुसरा मारायचा. दिवेलागणीपर्यंत पुरला तो.

बेसिनमधलं पाणी गुलाबी होऊन खाली गेलं तरी तो नळ धरून उभाच होता. ही बारीक आहे. दुसरी आण. ही बारीक आहे. आणखी खोल जा. त्याने आरशात बघून दोन्ही वाक्यं हलक्या आवाजात म्हणून पाहिली. आवाज एकच होता. इतकी वर्षं तो अभिमानाने सांगत आला होता की आमच्या घरात तिसऱ्या पिढीत मार बंद झाला; माझ्या वडिलांनी मला फोडून काढलं, पण मी माझ्या मुलीच्या अंगाला बोट लावलेलं नाही. व्याख्यानात हे सांगताना त्याचा आवाज भरून यायचा आणि बायकांचे डोळे ओले व्हायचे. बोट लावलं नव्हतं, खरं होतं. त्याने फक्त फोक बाजूला ठेवली होती आणि तो दिवस तेवढा उचलून आणला होता. तो दिवसही वाढवला होता, एकाचे तीन केले होते. आणि वर त्याला फट असं नाव दिलं होतं, संस्कृतातले, ग्रीकांतले दाखले जोडले होते, ऐंशी ऐंशी माणसांना तो विकला होता. थांबल्यावर राग जातो का मुरतो? मुरतो रे बाबा, गोरक्षनाथा. चांगला मुरतो.

याच्याही खाली एक गोष्ट होती. तीन दिवस त्याला बरं वाटत होतं. सोमवारपासून इरा त्याच्या पावलांचा कानोसा घेत होती, तो खोलीत आला की ताठ होत होती, त्याने वर्तमानपत्र उचललं तरी दचकत होती, आणि हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. त्याने चहा जास्त सावकाश प्यायला होता. कुणीतरी आपली वाट बघतंय, आपल्या एका शब्दावर कुणाचा तरी घास घशात अडकलाय, या गोष्टीला चव होती. चौकात भिमाजीचा दात पाडताना जे हसू बाहेर आलं ते काही आज जन्मलेलं नव्हतं. ते घरात रोज टेबलाशी बसायचं, हाताची घडी घालून.

मग त्याने चार वाजता इराला फोन का केला नाही? पाच वाजता का नाही? ती कॉलेजात होती, एक मेसेज पुरला असता. त्याने दोनदा फोन हातात घेतला. जाऊ दे, असं लिहिलं आणि पुसलं. समोरासमोर सांगावं, असं स्वतःला सांगितलं. नीट शब्द निवडावेत. मन गढूळ आहे, निवळू दे. आणि असं करता करता सहा वाजले, सव्वासहाला इरा आली, चपला काढल्या, बापाकडे न बघता आत गेली आणि दार लोटून घेतलं. आत्ता, असं तो मनात म्हणाला. आत्ता ऊठ. तो उठला नाही. त्याने घड्याळाकडे पाहिलं. सव्वा तास होता. विजया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, त्याच्याकडे आणि बॅगेकडे आळीपाळीने पाहिलं आणि परत गेली.

बरोबर साडेसातला दार उघडलं. इरा बाहेर आली. केस घट्ट बांधलेले, तोंड धुतलेलं, हातात निळी फुलस्केप वही, तिला खोचलेलं पेन. ती त्याच्यासमोर बसली. टेबलावर त्याची बाटली होती, तिने ती जरा बाजूला सरकवली आणि वही उघडली.

"इरा, थांब," तो म्हणाला. "आज नको. जाऊ दे ते."

त्याला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास सोडेल, रडेल, कदाचित गळ्यात पडेल. तिच्या तोंडावरचा उरलासुरला रंगही गेला.

"मग कधी?" तिने विचारलं.

"कधी नाही. संपलं ते."

"उद्या?"

"उद्या नाही, कधीच नाही. खरंच सांगतोय."

"बाबा, आता रविवारवर नका ना ढकलू." तिचा आवाज बारीक झाला. "रविवारपर्यंत मला नाही जमणार. आजच करा ना. माझं सगळं लिहून झालंय. प्लीज, आत्ताच करा."

त्याच्या पायांना कुणीतरी मिठी मारली होती आणि ते हात त्याचेच होते, दहा वर्षांचे. त्याच्या गप्प बसण्याचा इराने तिला ठाऊक होता तोच अर्थ लावला. घाईघाईने पान उलटलं आणि वाचायला लागली. "घटना. मी क्लास बुडवला. ही बारीक आहे, मला माहितीये, म्हणून मी पुढे लिहिलंय. घटना दोन. मी खोटं बोलते. घटना तीन. मी वर डोंगरावर होते तेव्हा मला तुमची आठवण आली नाही आणि मला छान वाटलं, म्हणजे मी आतून वाईट आहे. विचार. मी नसते तर हे घर शांत राहिलं असतं. कृती..." तिचा आवाज मऊ होता, संथ होता, एकाही शब्दावर अडखळत नव्हता. ती सगळ्यात जाड फोक घेऊन आली होती. पाला ओरपून, स्वच्छ करून, दोन्ही हातांवर धरून.

"बंद कर," तो ओरडला. घरात पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं. त्याने वही तिच्या हातातून हिसकावली आणि फाडली. एकदम फाटेना, तेव्हा दातओठ खाऊन पानं मुठीमुठीने उपटली, कव्हर पिरगाळलं, शिवण तोडली. दहा वर्षांच्या त्याच्या सह्या टेबलावर, फरशीवर, तिच्या मांडीवर पडत होत्या. हे चांगलं काम चाललंय असंच त्याला वाटत होतं. पण हात तेच होते आणि खांद्यात पुन्हा तेच सैल होत होतं.

"मी तीन दिवस लिहिलंय ते!" इरा किंचाळली. "तीन दिवस!"

तिने बाटली उचलली. पहिला फटका त्याच्या गालाच्या हाडावर बसला, दुसरा तोंडावर. ओठ दातांवर फुटला, जिभेवर खारट, गरम रक्त आलं. ती मारत होती आणि मारताना तिच्या घशातून शब्द येत नव्हते, नुसता आवाज येत होता, दहा वर्षं फळ्यावर शून्य, एक, शून्य, दोन असं लिहिणाऱ्या मुलीचा. त्याने हात वर केले नाहीत. पाचव्या का सहाव्या फटक्याला खुर्चीसकट तो भिंतीला टेकला. त्याने मोजलं नाही. विजया धावत आली होती, दारात उभी होती, आणि तिने मुलीला धरलं नाही. बाटली हातातून सुटली, फरशीवर आपटून गडगडत फ्रिजपर्यंत गेली.

मग इराने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळव्यांना बापाचं रक्त लागलं होतं. तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. विजयाने पुढे होऊन तिचा दंड धरला, दुसऱ्या हाताने निळी बॅग उचलली. "चल. चल इरा, आपण जाऊ." इरा हलली नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"आता किती वाजता?" तिने विचारलं.

"काय?" विजया म्हणाली.

"हे जे मी आत्ता केलं. ह्याचं. किती वाजता बसायचं? कधी?" विजयाने तिला ओढलं, पण पोर जागची हलेना. "आई, थांब ना. त्यांना सांगू दे. मला सांगितल्याशिवाय नाही जाता येणार. बाबा, कधी?"

त्याच्याजवळ शब्दांची काही कमी नव्हती. तीस वर्षं तो शब्दांवरच जगला होता. तुझी चूक नाही, बाळा. चूक माझी. तुला भीती वाटणं स्वाभाविक आहे. आपण हे हळूहळू समजून घेऊ. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येकात एक उद्या होता. तो वाक्य निवडत होता तेवढ्या वेळातही ती वाट बघत होती, तळवे पुढे धरून. आणि तिला सोडवणारं वाक्य त्याला एकच माहीत होतं. ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. ते म्हणायचं नाही अशी त्याने लहानपणी शपथ घेतली होती.

"झालं," तो रक्ताच्या गुळणीतून म्हणाला. "आत्ताच झालं. जा, हात धू."

इराचे खांदे खाली आले. असे खाली आले की तिची उंचीच बोटभर कमी झाली. ती गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग बंद झाला. टॉवेलने हात पुसत ती बाहेर आली तेव्हा तिच्या गालांवर रंग होता. तिने चपला घातल्या. विजया बॅग घेऊन आधीच जिन्यात उतरली होती. "मला भूक लागलीये, आई," असं इरा तिला म्हणालेलं त्याला खालच्या वळणावरून स्पष्ट ऐकू आलं. दार उघडंच राहिलं होतं. खाली रिक्षा थांबली, सुरू झाली, गेली. नृसिंह भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसून होता, हनुवटीवरून रक्त शर्टावर उतरत होतं, थंड पाणी दहा पावलांवर होतं. पण त्याला जा म्हणणारं आता घरात कुणी नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय उठायची त्याला सवय नव्हती.